कुजणं वेगळं, सडणं वेगळं

माझ्या आजोळी गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, गोठ्यातला केर, चुलीतली राख, गुरांनी टाकलेली चिपाडं, भाजीची देठं, सगळं त्यात जायचं. मृग तोंडावर आला की मामा उकिरड्याच्या पोटातून एक मूठ काढायचा, बोटांनी चुरायचा, नाकाशी न्यायचा. "कुजलंय" म्हणाला की गाडी जुंपायची. नाही म्हणाला तर खत तिथेच. पण साठवणीच्या चाळीतला कांदा ओला झाला की त्याच्याच तोंडी वेगळा शब्द यायचा: "सडला." कुजलेलं पिकाला घालायचं, सडलेलं लांब नेऊन टाकायचं. मला तेव्हा दोन्ही एकच वाटायचं. मग एकाचं कौतुक आणि दुसऱ्याला नाक मुरडणं का, हे काही कळायचं नाही.

शहरात येऊन वीसेक वर्षं कचऱ्याच्या बातम्या वाचल्यावर, आणि एक अख्खी बादली स्वतः नासवल्यावर, या दोन शब्दांतलं अंतर कळलं. ओला-सुका वेगळा का करायचा, कचरा डेपोला आग का लागते, बाल्कनीतल्या टोपलीला वास का सुटतो आणि महापालिकेकडे नेमकं काय मागायचं, या सगळ्याची उत्तरं त्या अंतरात आहेत. म्हणून सुरुवात तिथून.

पानाचं, सालीचं, शिळ्या पोळीचं पुढे काय होणार हे सूक्ष्मजीव ठरवतात. आणि कुठले सूक्ष्मजीव कामाला लागणार हे हवा ठरवते. ढिगात हवा खेळती असेल तर प्राणवायूवर जगणारे जिवाणू आणि बुरश्या पुढे येतात. ते कचरा खातात, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडतात, उष्णता निर्माण करतात आणि मागे काळपट, भुसभुशीत खत ठेवतात. त्या खताला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. हे कवीचं बोलणं नव्हे. मातीतले ॲक्टिनोमायसीट जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, दोन्हीकडे तोच वास असतो. मोठा ढीग नीट लावला तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं. हात घातला तर चटका बसतो, आणि त्याच उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. हे कुजणं.

हवा कोंडली की ही मंडळी गुदमरतात आणि दुसरी पाळी कामावर येते. तिला प्राणवायू नकोच असतो. ती कचऱ्यापासून आंबट आम्लं बनवते, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड बनवते आणि शेवटी मिथेन बनवते. तळाला काळं पाणी झिरपतं. हे सडणं. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, पण तेवढ्यात भरपूर नुकसान करून जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० किलोंहून जास्त.

सडणं मुळातच वाईट असतं असं मात्र नाही. बंद टाकीत मुद्दाम सडवलं आणि निघालेला वायू नळीतून चुलीपर्यंत नेला की त्यालाच आपण गोबरगॅस म्हणतो. वाईट आहे ते उघड्यावरचं, कुणाचाच ताबा नसलेलं सडणं.

आता हे शहराला लावून पाहू. आपल्याकडच्या शहरांत घरोघरी निघणाऱ्या कचऱ्यात साधारण निम्मा ओला असतो. तो सुक्यात कालवून, ट्रकमध्ये दाबून, एकावर एक थर देत वीस-पंचवीस मीटर उंचीचा डोंगर उभा केला की त्याच्या पोटात हवा जाणार कुठून? आतल्या प्रत्येक भाजीच्या देठाच्या नशिबी सडणंच येतं. वरून प्लॅस्टिक आणि कागदाचं सरपण, आतून मिथेन, शिवाय सडण्याची ऊब. अशा डोंगराला पेटायला फार मोठं निमित्त लागत नाही.

मुंबईचं देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे आग लागली, ती अनेक दिवस धुमसत राहिली, आणि तिचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांतही दिसला. आग कोणी लावली यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. लावणारा कोणी असो, जळायला तयार इंधन तिथे शहरानेच रचून ठेवलं होतं. महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची धड व्यवस्था होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती अटी घालून उठवली. केळीच्या साली आणि टॉवरची परवानगी यांचा संबंध एरवी कोणी लावला नसता.

पुण्याची गोष्ट धुराइतकीच पाण्याची आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवेवर शहराने वर्षानुवर्षं कचरा ओतला. डोंगराखालून झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरलं, पिण्यासाठी टँकर सुरू झाले, आणि गावकऱ्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की पुण्यातल्या चौकाचौकात ढीग साचायचे आणि "गावकऱ्यांचं आंदोलन" असा मथळा यायचा. मथळा शहराच्या बाजूने लिहिलेला असायचा. गावाच्या बाजूने पाहिलं तर ती रोजची दुर्गंधी दोन दिवस शहराला दाखवून दिली, इतकंच.

एका घराचा वाटा किती? आम्ही एक महिना स्वयंपाकघरातला ओला कचरा ताणकाट्यावर मोजला. चार माणसं, रोज सरासरी पाऊण किलो. कलिंगडाच्या दिवसांत दोन किलो, कारण साल. वर्षाचे झाले पावणेतीनशे किलो. एवढ्या मेहनतीने आपण दुसरी कुठली वस्तू वर्षभर घराबाहेर नेऊन टाकत असू असं वाटत नाही. बांबूचा टूथब्रश आणि स्टीलची स्ट्रॉ यांना माझा विरोध नाही, पण टूथब्रश तीन महिन्यांनी बदलतो आणि कचऱ्याचा डबा रोज भरतो. पर्यावरणासाठी घरात एकच सवय लावायची असेल तर मी डब्याला हात घालायला सांगेन.

आणि तिथे मुख्य मुद्दा असा की डब्यात काय पडलं याहून ते कशासोबत पडलं याला जास्त महत्त्व आहे. वर्तमानपत्र एकटं असेल तर रद्दी, त्याला विकत घेणारा माणूस आहे. त्यावर चहाचा चोथा सांडला की त्याच कागदाला कोणी हात लावत नाही. साल एकटी असेल तर खत. तिच्यात घड्याळाचा सेल, ट्यूबलाइटची काच, औषधाची पट्टी मिसळली की जे बनेल ते शेतकरी फुकटसुद्धा नेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. जाळून वीज करू म्हटलं तर ओला कचरा म्हणजे सत्तर-ऐंशी टक्के पाणीच. आधी ते पाणी उकळून घालवण्यातच उष्णता खर्च होते. मिसळण्याचं काम अर्ध्या सेकंदाचं असतं, झाकण उघडलं आणि टाकलं. ते परत वेगळं करायला माणसाला ढिगात हात घालावा लागतो.

तो हात बहुतेक वेळा बाईचा असतो. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि इतर कार्यकर्त्यांच्या साथीने कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघर कचरा गोळा करू लागले. घरातून मिळणारं शुल्क हा त्यांच्या कमाईचा एक भाग, वेगळा केलेला सुका माल विकून येणारे पैसे हा दुसरा. म्हणजे आपण डबा कालवतो तेव्हा कोणाचा तरी रोज बुडवतो.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी मला हे एका वाक्यात शिकवलं. "दादा, दुधाच्या पिशव्या विसळून देत जा, वास आला की दुकानदार त्या बाजूला काढतो." मी तोवर पिशव्या वेगळ्या ठेवण्यातच धन्यता मानत होतो. आता चहा ठेवताना पिशवी विसळतो आणि तेच पाणी तुळशीला घालतो.

तिसरा प्रकार आहे त्याबद्दल आपण मोठ्याने बोलत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे वेगळं गुंडाळून द्यायला सांगितलं. पुण्यात कचरावेचकांनीच यावर उपाय काढला: वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला पुडी उघडून पाहावी लागणार नाही. कागद घरात असतोच, खर्च फक्त लाल स्केचपेनाचा. तरीही दहा घरांतल्या किती घरांत तो ठिपका निघतो, हे आपापल्या जिन्यात विचारून पाहावं.

आता घरच्या घरी कुजवायचं कसं. इथे माझी फजिती आधी सांगतो. मी पहिल्यांदा रंगाची रिकामी बादली घेतली, तीत आठवडाभर साली टाकल्या, वर घट्ट झाकण लावलं आणि खत होण्याची वाट पाहिली. नवव्या दिवशी शेजारच्या काकू विचारायला आल्या की तुमच्याकडे उंदीर मेलाय का. झाकण उघडल्यावर मलाही तसंच वाटलं. बाल्कनीत छोटंसं देवनार केलं होतं मी. भोकं नाहीत, पाला नाही, हवा नाही. मग सडणार नाही तर काय?

दुसऱ्या खेपेला बादलीला चारी बाजूंनी आणि तळाला भोकं पाडली. खाली परात ठेवली, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा आणि काड्यांचा जाडसर थर दिला, म्हणजे पाणी निथळतं आणि खालून हवा शिरते. रोजचा ओला कचरा शक्यतो बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर तेवढाच, निदान निम्मा तरी, सुका पाला पसरायचा. हा पाला म्हणजे सगळ्यात दुर्लक्षिलेली गोष्ट आहे. लोक साली जमवतात आणि पाला विसरतात. सूक्ष्मजीवांना नत्र (नायट्रोजन) आणि कर्ब (कार्बन) दोन्ही लागतात, एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब. साली-देठांत नत्र आणि पाणी जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. नुसती आमटी पानातून वाहून जाते आणि नुसता भात घशाखाली उतरत नाही, तसं आहे. शिवाय पानांमुळे मधे पोकळ्या राहतात आणि हवा खेळते. पाला मिळत नसेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चालतं, लाकडाचा भुसा चालतो, फाडलेला पुठ्ठाही चालतो. पण रस्त्याकडेला इतका पाला झाडून पोत्यांत भरलेला असताना कोकोपीट विकत आणणं माझ्या जिवावर येतं.

ओल किती हवी? मूठभर माल घेऊन लाडू वळायचा. वळला, आणि दाबल्यावर एखादा थेंब फार तर निघाला, तर बरोबर. वळतच नाही, तर पाणी शिंपडा. बोटांतून पाणी ओघळतंय, तर पाला वाढवा. चार-पाच दिवसांनी एकदा खालीवर करायचं. सुरुवातीला विरजण लागतं. बाजारात त्याला कल्चर म्हणतात आणि छान पुड्यांत विकतात. कोणाकडून तरी दोन मुठी तयार खत मागून आणलं तर त्याच्यासारखं विरजण नाही.

बिघडलं तर नाक सांगतं. आंबूस किंवा सडक्या अंड्याचा वास येत असेल तर ओल जास्त आणि हवा कमी, उकरा आणि पाला घाला. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त, पुन्हा पालाच घाला. मुंग्या झाल्या तर फार कोरडं पडलंय. चिलटं झाली तर वरचा पाल्याचा थर पातळ आहे, उघडी साल दिसताच कामा नये. पावसाळ्यात बादली आडोशाला घ्या. तेलकट, मटणाची हाडं, मासे बाल्कनीत नकोत, उंदीर येतात. लिंबाच्या साली बेताने. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या वर्षभर जशाच्या तशा राहतात, त्या टाकू नका. मी कोय टाकली होती, ती उगवून आली. कौतुक म्हणून महिनाभर ठेवली.

अळ्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण बहुतेक लोक तिथे हार मानतात. एखाद्या सकाळी बादलीत मळकट रंगाच्या, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्यांचा बाजार भरलेला दिसतो. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, आपल्या जेवणावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा इतक्या झपाट्याने फस्त करतात की मुद्दाम त्या पाळणारे प्रकल्प आहेत. हे सगळं मला आता ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि या अळ्यांवरून आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. किळस वाटत असेल तर पाला वाढवून ओल कमी करा, त्या आपोआप कमी होतात.

चार माणसांच्या घराला अशा दोन बादल्या लागतात. एक भरली की बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतला माल खाली बसत बसत पाव हिश्शावर येतो. साधारण दोन महिने धरा, थंडीत थोडे जास्त.

दोन वस्तूंपासून सावध राहा. एक, 'कंपोस्टेबल' असं छापलेल्या पिशव्या. त्या कुजतात हे खरं, पण पन्नास-साठ अंश तापमान आठवडेच्या आठवडे टिकवणाऱ्या मोठ्या प्रकल्पात. बाल्कनीतली बादली तितकी तापत नाही, तिथे ती पिशवी महिनोन्महिने पिशवीच राहते. दुसरी, चोवीस तासांत खत करून देतो म्हणणारी विजेची यंत्रं. त्यांतली बरीचशी कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. जे निघतं तो वाळका कचरा असतो, खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की त्याचं कुजणं, किंवा सडणं, तिथून सुरू होतं. कुजायला वेळ लागतो. त्या वेळेची विजेने बचत होत नाही.

बाल्कनीतून जिन्यात आणि जिन्यातून सोसायटीत गेलं की प्रश्न बदलतो. तंत्र तेच राहतं, माणसं वाढतात. २०१६ च्या नियमांनी रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं, आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्या पाऊण किलोच्या हिशेबाने तीनशे घरांच्या संकुलात रोज सव्वादोनशे किलो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मोठी सोसायटी यात येते. बऱ्याच ठिकाणी बिल्डरने भोगवटा पत्र मिळवण्यापुरतं आणून ठेवलेलं यंत्र पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झोपलेलं असतं. बिघडलेलं नसतं पुष्कळदा. ते रोज चालवायचं कोणी, त्याचा पगार कोणी द्यायचा आणि पाला कुठे साठवायचा, हे ठरलेलंच नसतं.

म्हणून सभेत यंत्राच्या ब्रोशरआधी माणसाचा विषय काढावा. विटांच्या जाळीदार टाक्या, एक शिकलेला आणि नीट पगार असलेला माणूस, आणि पाल्याची पोती. एवढ्यावर शेकडो घरांचा कचरा बिनवासाचा जिरवता येतो. आवारातला पाला कोपऱ्यात पेटवायची पद्धत असेल तर तीही आधी बंद करावी. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. दंडाची भाषा सभेत लागू पडते, असा माझा अनुभव आहे. पैशाची त्याहून जास्त. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्य जलसंधारण यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देत आली आहे, अर्थात ते प्रकल्प प्रत्यक्ष सुरू असतील तरच. आमच्या सभेत जिओस्मिनवर कोणी प्रश्न विचारला नाही. या ५ टक्क्यांवर मात्र तब्बल चाळीस मिनिटं चर्चा झाली, आणि ठराव मंजूर झाला.

फाटकाबाहेरचं काय? पर्यावरणाच्या कामात उतरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर रविवारची स्वच्छता मोहीम येते: हातमोजे, टोप्या, सामूहिक फोटो. मी त्यांना गेलो आहे, जातो. मुंबईत अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून कचरा उचलायला सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडे हजारो लोक त्यात आले. पण भरती आली की समुद्र नवं प्लॅस्टिक आणून टाकत होताच. पुढे ते मिठी नदीकडे वळले. कचरा जिथून येतो तिथे जावं लागतं, आणि शहरात तो जिथून येतो ती जागा बहुतेक वेळा एखाद्या सरकारी कागदात सापडते.

म्हणून माझ्या मते सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे नेमका प्रश्न. "आमच्या भागात कचऱ्याची फार समस्या आहे" या तक्रारीचं काही होत नाही. "आमच्या प्रभागातून रोज किती ओला कचरा वेगळा जमा होतो, तो कुठल्या प्रकल्पात जातो, त्या प्रकल्पाची क्षमता किती आणि गेल्या सहा महिन्यांत तिथे रोज किती कचरा घेतला" याचं उत्तर द्यावं लागतं. घंटागाडीत ओल्या-सुक्याचे दोन कप्पे आहेत की दोन्ही डबे एकाच पोटात रिकामे होतात, हे तर दारात उभं राहूनही दिसतं. तारीख, वेळ आणि गाडी क्रमांक लिहून ठेवावा. "आम्ही वेगळा करतो आणि हे एकत्र करतात" हे शहरातलं सगळ्यात लाडकं निमित्त आहे. कधी ते खरंही असतं. खरं असेल तर सिद्ध करणं अवघड नाही.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. ही अट आधी जाचक वाटते, पण लिहिणाऱ्याला नेमकं करते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं. अर्ज करण्याआधी आपल्या भागाच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामगारांच्या चौकीवर, जाऊन मुकादमांशी बोलावं, हे मी आवर्जून सांगेन. कुठल्या गल्लीत कालवलेला कचरा येतो, कुठली गाडी बंद आहे, कुठल्या हॉटेलचं खरकटं रात्री कोपऱ्यावर पडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना कोणी विचारत नाही इतकंच.

पुण्यात २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. लोक बहुधा बाकडी आणि पदपथ सुचवतात. बागेत पाला जिरवायची जाळी सुचवली तर खर्च बाकड्यांइतकाच येतो.

आणि हे होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी वेंगुर्ला आहे. सिंधुदुर्गातलं छोटं शहर, तिथल्या नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वर्गीकरण इतकं कसून राबवलं की जुनी डंपिंगची जागा लोक मुद्दाम पाहायला जाऊ लागले. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. शेजारी गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, तिथे ओल्या कचऱ्याच्या गॅसपासून वीज होते. तेच सडणं, पण टाकीत धरलेलं. पुणे-मुंबई म्हणजे वेंगुर्ला नव्हे, हे मान्य. पण पुण्याचा एक प्रभाग माणसांच्या हिशेबाने वेंगुर्ल्याहून मोठा असतो, आणि प्रभागापुरता प्रकल्प प्रभागातच ठेवायला काय हरकत आहे, हा प्रश्न विचारता येतो. हरकत बहुधा शेजाऱ्यांची असते. वासाच्या भीतीने. ती भीती फुकाची नाही, कारण बहुतेकांनी फक्त सडणं पाहिलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो तेव्हा पिशवीभर खत घेऊन गेलो. उकिरडा आता नाही, गोठ्यात एकच गाय आहे, शेताला खताची गोणी येते. मामा ओसरीवर बसला होता. मूठ भरली, चुरली, नाकाशी नेली. मी दहावीच्या निकालाला उभं राहावं तसा उभा.

"कुजलंय," म्हणाला. मग बोटांनी चाचपून त्याने त्या काळ्या भुग्यातून एक चकचकीत, गोल तुकडा बाहेर काढला आणि उन्हात धरला. सफरचंदावरचं लेबल.

"आणि हे काय पेरायचं?"